भारतात उपग्रह दूरसंचाराची पायाभरणी कशी झाली?

भारताने आधी जमिनीवरची केंद्रे उभारली, मग इतरांचे उपग्रह वापरून अनुभव घेतला आणि त्यानंतरच स्वतःचे उपग्रह सोडले; माझ्या मते हा क्रमच सर्वांत शहाणपणाचा ठरला.

1970च्या दशकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे भूकेंद्र सुरू झाले आणि इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहांमार्फत परदेशी दूरध्वनी होऊ लागले. 1975-76 मध्ये अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचली, तर 1977 ते 1979 दरम्यान फ्रेंच-जर्मन सिम्फनी उपग्रहावर प्रत्यक्ष दूरसंचाराचे प्रयोग झाले.

खरी कसोटी मात्र ॲपल या उपग्रहाची होती. इस्रोने बांधलेला हा प्रायोगिक भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा) दूरसंचार उपग्रह जून 1981 मध्ये युरोपच्या एरियन रॉकेटने गेला. त्याचा एक सौरफलक उघडला नाही, तरीही तो दोन वर्षांहून अधिक काळ चालवण्यात आला, हे यश आजही पुरेसे सांगितले जात नाही.

भारतासाठी अमेरिकेत बनलेला इन्सॅट-1ए उपग्रह एप्रिल 1982 मध्ये सोडला गेला, पण काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट 1983 मध्ये चॅलेंजर अंतराळयानातून गेलेल्या इन्सॅट-1बीने दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान निरीक्षण या तिन्ही सेवांना स्थैर्य दिले. त्यानंतर 1992 मध्ये देशातच बांधलेला इन्सॅट-2ए कक्षेत पोहोचला. त्याच्या प्रक्षेपणासाठी मात्र अजूनही एरियनवरच अवलंबून राहावे लागले होते.