पोरीला आयुष्यभर नावं ठेवायचीयेत म्हणे!

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय, "मॅडम, नीटला ३९० आले, रिपीट करायला तयार नाही, बीएस्सी झूलॉजी करून टॅक्सॉनॉमी करणार म्हणते. ते काय असतं विचारलं तर म्हणे प्राण्यांना नावं द्यायची. आमच्या भावकीत नावं ठेवणारे काय कमी आहेत? यात पोट भरतं का?"

भरतं, पण उशिरा भरतं आणि सगळ्यांचं भरत नाही.

आधी तिच्या डोक्यातला एक गैरसमज काढूया. नाव देणं हा या कामातला अगदी शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग. समजा तिला पठारावर एक पाल वेगळी वाटली, तर आधी त्या गटातल्या ओळखीच्या सगळ्या पाली कागदावर आणि शक्य तिथे म्युझियममधल्या बाटल्यांतून बघायच्या, खवले मोजायचे, बोटाखालच्या पट्ट्या मोजायच्या, डीएनए करायचा, आणि एवढं करून दोन वर्षांनी कळतं की शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने हिचं नाव ठेवून झालंय. मग जुनंच नाव चालणार, कारण आधीच्या नावाचा मान पहिला. प्राण्यांसाठी ही मोजणी लिनीयसच्या १७५८ च्या पुस्तकापासून सुरू होते, वनस्पतींसाठी १७५३ पासून. आणि खरंच नवी निघाली तर एक नमुना म्युझियमला द्यायचा, त्याला होलोटाइप म्हणतात. ते नाव कायमचं त्या एका बाटलीला बांधलेलं, उद्या भांडण झालं तर सगळे तीच बाटली काढून बघणार.

(पेपरवाले "नवी प्रजाती सापडली" लिहितात तेव्हा माझं डोकं फिरतं, शाळेत आपण सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असं पाठ केलंय, बहुतेक वेळा सापडलेली असते ती जाती, प्रजाती म्हणजे अशा जवळच्या जातींचा गट. असो.)

तुम्ही विचारलंय की एवढ्या वर्षांत सगळ्यांना नावं देऊन झाली नाहीत का. नाही झाली, आणि दिलेली पण बदलतात. बाभूळ घ्या. आपल्या बांधावरची बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियातली शेकडो झाडं, सगळी अ‍ॅकेशिया या एकाच प्रजातीत होती. मग कळलं की हे एका घरातले नाहीत, वेगळं काढायला हवं. आता अ‍ॅकेशिया नाव कुणाकडे ठेवायचं? नियमाने ते आपल्या बाभळीकडे राहायला हवं होतं, पण तिकडच्या झाडांची संख्या एवढी की सगळ्यांची नावं बदलत बसावी लागली असती, म्हणून २००५ ला व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाला दिलं आणि २०११ ला मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगालिया. आणि गंमत म्हणजे रस्त्याकडेला लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, ती मात्र अजून अ‍ॅकेशियाच! वाटणीत घर पाहुण्याला गेलं म्हणा ना.

हा नुसता पंडितांचा टाइमपास नाहीये हां. खेड्यात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसीज डास दिसायला एकच, पण तो निघाला पाच जातींचा गट. त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात, आणि त्यातला बी मलेरिया पसरवण्यात अगदीच कमजोर. म्हणजे गावात नेमका कोणता आहे हेच माहीत नसेल तर फवारणीचे पैसे कुठे घालायचे? मण्यार समजून बिनविषारी कवड्या मारतात तेही तसंच, ओळख चुकली की पुढचं सगळं चुकलं.

आता पैसे. झूलॉजिकल आणि बोटॅनिकल सर्व्हे, दोघांचीही पुण्यात केंद्रं आहेत, पण जागा कमी आणि कधी निघतील सांगता येत नाही. एमएस्सीनंतर नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० आणि एचआरए, पीएचडी संपेपर्यंत ती अठ्ठावीस-तिशीची होणार आणि तोवर तिचे इंजिनिअर चुलतभाऊ फ्लॅटचे हप्ते भरत असतील, हे घरात आत्ताच बोलून घ्या, नंतर नको. बाकी कॉलेजात शिकवणं, प्रकल्पांआधीचे पर्यावरण सर्व्हे, पिकांवरच्या किडी ओळखणं, असं काम असतं, पण त्यासाठी डीएनए, स्टॅटिस्टिक्स, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे) यातलं काहीतरी हातात पाहिजे. नुसती नावं पाठ असून भागत नाही.

तुम्ही लिहिलंय तिच्या मोबाइलमध्ये पाली-कोळ्यांचे हजारभर फोटो आहेत. छान आहे, पण मी त्यावर निर्णय घेणार नाही. बीएस्सीचा फॉर्म भरून ठेवा, आणि अ‍ॅडमिशनच्या याद्या लागेपर्यंत तिला एक काम द्या. कॅमेरा बाजूला, १०एक्सचं भिंग घ्या आणि घराभोवतीच्या मुंग्या वेगळ्या करायला सांगा. मुंगळ्याच्या कंबरेत एक गाठ असते, घरातल्या बारक्या लाल मुंगीच्या कंबरेत दोन, तिथून सुरू करायचं, मग मिशांचे तुकडे मोजायचे, प्रत्येक वेळी "असं आहे की तसं" एवढाच प्रश्न, आणि वहीत लिहायचं. पाली-साप बाटलीत भरायचे नाहीत हे मात्र तिला बजावा, संरक्षित प्राणी परवानगीशिवाय पकडणं-ठेवणं गुन्हा आहे. बाराव्या मुंगीला कंटाळली तर ती फोटोग्राफर आहे, टॅक्सॉनॉमिस्ट नाही, त्यात पण वाईट काही नाही, पण मग बोलणं वेगळं होईल. आणि मुंगी नीट दिसत नाही म्हणून चिडून मायक्रोस्कोप मागायला लागली तर दादा, रिपीटचा विषय सोडून द्या.

तोवर घरात नीटचं नाव काढू नका. महिन्याभराने मला वहीचे फोटो पाठवा, मुंग्यांचे नकोत.