पुढचं चाक सरळ पुढे उतरत असेल तर सराव थांबवा, ओळंबा लावा

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे रोज दाराच्या चौकटीत रोलरवर (तीन फिरत्या ड्रमांचा सांगाडा, त्यावर सायकल जागेवरच चालते) सराव चालू आहे, चौकटीवरचा हात काढला की जेमतेम पंधरा सेकंद जातात आणि पुढचं चाक ड्रमवरून उतरतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ पुढे. पॅडलवर जरा जोर दिला की हमखास. आणि विक्रेत्याचा मदत कक्ष म्हणतोय, "सराव वाढवा, तोल येईल." हे वाचलं आणि जुनं दुखणं पुन्हा ठसठसलं. मलाही हेच उत्तर मिळालं होतं, वाक्यसुद्धा तेच!

तीन ड्रम कशाला, चौकटीतच का सुरुवात करायची, हे तुम्हाला ठाऊक दिसतंय, त्यामुळे ते वगळलंय. मुद्द्याचं एवढंच की तुमच्या तोलात खोट दिसत नाही. तोल गेला की माणूस बाजूला कलंडतो. चाक सरळ पुढे घरंगळतं तेव्हा जवळजवळ नेहमी पुढचा ड्रम रोलरच्या बाजूच्या रुळांवरच्या चुकीच्या भोकात बसवलेला असतो. ते सरावाने सुटत नाही, पान्याने सुटतं.

मागचं चाक दोन ड्रममधल्या खळग्यात बसतं. सायकल पुढे-मागे कुठे राहणार हे तो खळगा ठरवतो. पुढचं चाक मात्र एकाच ड्रमच्या माथ्यावर उभं असतं, त्याला खळगा नाही. हबची (चाकाच्या मधल्या भागाची) आस ड्रमच्या आसेच्या किंचित मागे असेल तर चाक माथ्याच्या अलीकडच्या उतारावर राहतं आणि पुढे जायचं तर त्याला आधी माथा चढावा लागतो. हब ड्रमच्या पुढे असेल तर माथा आधीच ओलांडलेला असतो, पुढे नुसती घसरगुंडी.

आकड्यांत सांगायचं तर 700सी (रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या) चाकाची टायरसकट त्रिज्या साधारण 34 सेंमी आणि ड्रमचा व्यास 11 सेंमी धरा. दोन्ही केंद्रांमध्ये 39.5 सेंमी अंतर येतं. हब 2 सेंमी पुढे असला तर पुढच्या चाकावरच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के इतका जोर सायकलला सतत पुढे ओढत राहतो. पुढच्या चाकावर 32 किलो भार असेल तर दीड किलोच्या आसपास. ऐकायला किरकोळ आहे, आणि मागच्या खळग्यातून बाहेर पडायला याच्या कित्येक पट जोर लागतो, म्हणून शांत बसून पॅडल मारताना काही होत नाही. पण तुम्ही एकदम जोर देता तेव्हा ड्रमना वेग घ्यावा लागतो, त्याची प्रतिक्रिया सायकलला पुढे ढकलते, मागचं चाक मधल्या ड्रमवर थोडं चढतं आणि हब आणखी पुढे सरकतो. घाबरून तुम्ही हँडलवर वाकता, पुढच्या चाकावर भार वाढतो, ओढही वाढते. तुमचे पंधरा सेकंद इथे संपतात.

मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. ड्रम डोळ्याच्या अंदाजाने बसवला आणि नंतर महिनोन्‌महिने स्वतःच्या तोलाला दोष दिला. अंदाज का चुकतो तेही लिहितो, कारण बहुतेकांचा याच तीन कारणांनी चुकतो. एक, सायकल भिंतीला टेकवून रोलरवर ठेवली की मागचं चाक खळग्यात पूर्ण बसत नाही आणि हँडल थोडं वळलेलं राहतं. दोन, आपण वरून, तिरकं बघतो, त्यामुळे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक नजरेत मावून जातो. तीन, माणूस न बसवता माप घेतो. माणूस बसला की टायर दबतात, आणि पुढे सस्पेन्शन असेल तर काटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) दबून हब मागे सरकतो. 69 अंशांच्या हेड ट्यूबला (फ्रेमची हँडलखालची तिरकी नळी) काटा 3 सेंमी दबला तर हब जवळपास 1 सेंमी मागे जातो. तशी सायकल असेल तर काटा लॉक करूनच माप घ्या आणि लॉक करूनच चालवा.

आता मदत कक्षाबद्दल, एकदाच आणि मग विषय संपवतो. त्यांनी विचारायला हवा तो प्रश्न एकच आहे, "तुमच्या सायकलचा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही हबांमधलं अंतर, किती?" तो मला कधी विचारला गेला नाही. व्हिडिओ पाठवा, सराव वाढवा, टायरमध्ये हवा भरा, सगळं झालं. सोबतच्या कागदावर फ्रेमच्या मापानुसार भोकांचा तक्ता होता. तो तक्ता बाजूला ठेवा. फ्रेमचं माप म्हणजे सीट ट्यूबची, खोगिराखालच्या नळीची, लांबी, आणि त्याच मापाच्या दोन सायकलींच्या व्हीलबेसमध्ये सहज 2-3 सेंमीचा फरक असू शकतो. इथे खेळ 1 सेंमीचा आहे. सगळेच मदत कक्ष असे असतात असं म्हणणं नाही. पण "सराव वाढवा" हे उत्तर दुसऱ्यांदा आलं तर तिसरं पत्र लिहिण्याऐवजी टेप हातात घ्या.

दोन्ही मागचे ड्रम सारख्या व्यासाचे असले की मागचा हब त्यांच्या बरोबर मध्यावर येतो. म्हणून मागच्या दोन ड्रमच्या आसांचा मध्य काढा, रुळावर पेन्सिलीने खूण करा आणि तिथून पुढच्या ड्रमच्या आसेपर्यंत मोजा. हे अंतर व्हीलबेस अधिक 1 ते 2 सेंमी हवं. व्हीलबेस पुढचं चाक सरळ धरून जमिनीवर मोजा. 99 सेंमी आला तर ड्रम 100 ते 101 वर. भोकांमधलं अंतर बरंच असेल आणि नेमकी जागा मिळत नसेल तर पुढच्या बाजूचं भोक घ्या, मागचं नको.

मग खात्री. दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा. तुम्ही सायकलवर बसा, दोन्ही पाय पॅडलवर, एक हात चौकटीला, हँडल सरळ. दुसऱ्या कुणीतरी पुढच्या हबच्या टोकाशी दोरा धरून खाली सोडायचा. दोरा ड्रमच्या आसेच्या मागे, म्हणजे तुमच्या बाजूला, 1 ते 2 सेंमीवर पडला की काम झालं. एकट्याने हे माप घेऊ नका, वाकून बघताना सायकल हलते आणि माप फसतं.

उत्साहाच्या भरात ड्रम फार पुढेही नेऊ नका. स्टिअरिंगची आस खाली वाढवली की ती टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे येते. या अंतराला ट्रेल म्हणतात. रोड सायकलला ते बहुधा 5.5 ते 6 सेंमी असतं, आणि हँडल आपसूक सरळ होतं ते बरंचसं त्यामुळे. ड्रम 2 सेंमी पुढे असेल तर टेकण्याची जागा 1.7 सेंमी पुढे येते, ते चालतं. 5 सेंमी पुढे नेलात तर ती 4.3 सेंमी पुढे येईल आणि ट्रेल जेमतेम उरेल. मग हँडल असं थरथरतं की शिंक आली तरी बाजूला जाल. 3 सेंमीच्या पुढे जाऊ नये हे माझं मत.

ड्रम हलवताच आहात तर डावी-उजवीकडची भोकंही मोजा. एका रुळावर पाचवं आणि दुसऱ्यावर सहावं, असं अगदी सहज होतं, आणि मग ड्रम तिरका बसतो. ड्रम 42 सेंमी लांब असेल आणि भोकांत 2.5 सेंमी अंतर असेल तर तीन अंशांहून जास्त तिरपेपणा येतो, सायकल एकाच बाजूला सरकत राहते. भोकं बरोबर असूनही ती एकाच बाजूला जात असेल तर पाणसळ ठेवून बघा, फरशी उतरती असेल. रोलरच्या खालच्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी पुरते.

पट्टा मधल्या ड्रमवरून पुढच्या ड्रमवर जातो, खोबणीत आणि फुली न घालता. फुली पडली तर पुढचा ड्रम उलटा फिरेल. पट्टा सैल होऊन घसरत असेल तर पुढचं चाक मागच्यापेक्षा हळू फिरतं, आणि फिरत नसलेल्या चाकाने स्टिअर करता येत नाही. ड्रम पुढे नेल्यावर पट्टा तारेसारखा ताणला जात असेल तर लांब पट्टा घ्या, नाहीतर बेअरिंग लवकर कुरकुरायला लागतील.

हे सगळं झाल्यावर पुन्हा चढा. 50 दात पुढे आणि 17 मागे, किंवा त्याच्या आसपासचा गिअर. हलक्या गिअरवर पाय भिरभिरतात आणि चाकं हळू फिरतात, ते नवख्याला जास्त अवघड. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे, 85 ते 95. कोपर चौकटीला टेकवायचा, रेलायचं नाही. रेललात तर सायकल उलट बाजूला निघते. हात हूडवर (ब्रेक लिव्हरवरच्या रबरी पकडीवर), बोटं सैल. नजर दीड-दोन मीटर पुढे. समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीची एक उभी रेघ मारा आणि तिच्याकडे बघा. पुढच्या चाकाकडे बघून कुणी रोलर शिकलेलं नाही, निदान माझ्या बघण्यात नाही. उतरताना पुढच्या ब्रेकला हात नको. हात आधी चौकटीला, मग पॅडल थांबवा. फ्लायव्हील (रोलरला जोडलेलं जड फिरतं चाक) नसेल तर चाकं काही सेकंदांत थांबतात.

रोलरवरून उतरलेली सायकल भिंतीवर आदळते, ही भीती सोडून द्या. फक्त चाकं फिरत असतात, तुम्ही जागेवरच असता. चाकांत साठलेली ऊर्जा फार थोडी असते. सायकल खाली टेकते, फूटभर सरकते, संपलं. खरी इजा होते ती शेजारच्या टेबलाच्या कोपऱ्याने आणि क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी) न सुटल्याने. सुरुवातीला साधी पॅडल लावा. हेल्मेटबद्दल वाद आहेत. मान किंवा डोक्याला पूर्वी इजा झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. पट्टा आणि ड्रमच्या फटीत लहान मुलांची बोटं जाऊ शकतात, त्या वेळी मुलं दुसऱ्या खोलीत आणि तिचं दार बंद असू द्या. इथे मात्र मत-बित काही नाही, बंद म्हणजे बंद.

तुमच्या पोस्टच्या शेवटी आलेलं दुसरं गाऱ्हाणं, अर्ध्या तासात खोगिरापाशी मुंग्या येतात, त्याचंही कारण बहुधा मापातच सापडेल. पुढचं चाक माथ्यावर आणि मागचं खळग्यात, त्यामुळे सायकलचं नाक वर होतं. मागच्या ड्रमच्या आसांमध्ये 25 सेंमी अंतर असेल तर पुढचा हब मागच्यापेक्षा 2 सेंमी उंच राहतो. काही रोलरमध्ये पुढचा ड्रम मुद्दाम खाली बसवलेला असतो. तुमच्यात नसेल तर रोलरच्या मागच्या पायांखाली 2 सेंमीची फळी ठेवा. खोगीर हलवू नका, रस्त्यावर पुन्हा गोंधळ होईल. शिवाय रोलरवर माणूस क्षणभरही पॅडल सोडत नाही, भार एकाच जागी राहतो. दर दहा मिनिटांनी उभं राहता आलं तर उत्तम. येत नसेल तर खाली उतरून मिनिटभर चाला. मुंग्या उतरल्यावरही राहत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

"इतक्या वेगाला इतके कमी वॅट कसे" हा प्रश्न पुढच्या आठवड्यात तुम्ही विचारालच, म्हणून आत्ताच. रस्त्यावर हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. साध्या रोलरवर हवा नाही, टायर ड्रमवर दबण्याचाच विरोध असतो, म्हणून ताकद जवळपास वेगाच्याच प्रमाणात वाढते. टायरमधली हवा कमी केली की विरोध वाढतो, पण टायर तापतो आणि आजचे आकडे उद्याशी जुळत नाहीत. दर वेळी तोच दाब ठेवा. मऊ, लयीत पॅडल मारायला, कॅडन्सच्या कवायतीला, तासभराच्या हलक्या सरावाला रोलरला तोड नाही. कमी कॅडन्सवर ताकदीचा सराव करायचा असेल तर चुंबकी किंवा पंख्याचा विरोध जोडावा लागेल. स्प्रिंट साध्या रोलरवर करू नयेच.

पंखा आधी लावा, मग चढा. हँडलवर टॉवेल टाका. घाम स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांना आणि हेडसेटला (स्टिअरिंगच्या बेअरिंगला) खातो. टायर ओल्या फडक्याने पुसा. ॲल्युमिनियमच्या ड्रमची काळी पूड टायरला लागतेच, त्यात बिघाड काही नाही.

व्हीलबेस, ड्रमचा व्यास आणि रुळावरच्या भोकांमधलं अंतर, ही तीन मापं इथे लिहा. कुठलं भोक घ्यायचं ते लगेच काढता येईल. ओळंब्याचा फोटो टाकलात तर हबच्या पातळीवरून, अगदी बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोतून काही कळत नाही.