दिवसाचे आकाश, रात्रीचा रस्ता

प्रश्न : काही चित्रांत घर, रस्ता, खिडकी अशा रोजच्याच गोष्टी असतात, तरीही ती पाहताना मन अस्वस्थ होते आणि नजर हलत नाही. असे का होते? अशा चित्रांचा अर्थ शोधावा तरी कसा?

उत्तर : आपल्या अस्वस्थतेचे कारण त्या ओळखीच्या गोष्टींमध्येच आहे. चित्रातले सगळेच विचित्र असेल, तर पाहणारा ते कल्पनेतले जग म्हणून सहज बाजूला ठेवतो. पण भिंती, सावल्या आणि अंतरे यांवर विश्वास बसल्यानंतर एखादीच गोष्ट नियम मोडते, तेव्हा त्याला ते चित्र नाकारताही येत नाही आणि पुरते उलगडताही येत नाही.

बेल्जियन चित्रकार रने माग्रीत यांनी 1949 पासून ‘प्रकाशाचे साम्राज्य’ या नावाने काढलेली चित्रे पाहावीत. खाली रात्र आहे : काळोखी झाडे, निःशब्द घर, रस्त्यावरचा पेटलेला दिवा, वर मात्र पांढऱ्या ढगांचे, भरदिवसाचे निळे आकाश. दोन्ही भाग वेगवेगळे पाहिले तर काहीच खटकत नाही. त्यांच्याच 1938 मधील एका चित्रात एका खोलीतल्या शेकोटीतून रेल्वेचे इंजिन बाहेर येते आणि त्याचा धूर मात्र मुकाट धुराड्यात जातो. माझ्या मते त्या चित्राची सारी ताकद या धुरात आहे, कारण अशक्य घटनेलाही तिथे घराचे नियम पाळावे लागतात.

इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिको यांची रीत अधिक सूक्ष्म आहे. ‘रस्त्याचे गूढ आणि विषाद’ (1914) या चित्रातली चाक फिरवत धावणारी मुलगी आणि समोरची, माणूस न दिसणारी सावली कोणाच्याही लक्षात येते. परंतु दोन बाजूंच्या इमारतींच्या दूर जाणाऱ्या रेषा, एरवी मिळाव्यात तशा, एका बिंदूत मिळत नाहीत, त्यामुळे आपण नेमके कुठे उभे आहोत हे डोळ्यांना ठरवता येत नाही, आणि अस्वस्थता खरी तिथून सुरू होते.

म्हणून प्रतीकांचे अर्थ लावण्याआधी प्रकाश कुठून येतो, सावल्या कुठे पडतात, वस्तूंचे आकारमान एकमेकांशी जुळते का, हे सावकाश पाहावे. कोणता नियम मोडला आहे हे सापडले, तरी तो का मोडला याचे एकच उत्तर मिळेल असे नाही. शीर्षकावरही फार विसंबू नये. माग्रीत यांच्या कित्येक चित्रांची नावे त्यांच्या मित्रांनी, चित्र पूर्ण झाल्यावर सुचवलेली आहेत.