ठाणे-नवी मुंबईत फ्रीडायव्हिंगचा क्लब आहे का? भरवशाचा जोडीदार कुठे मिळेल?

तुम्ही वाशीत राहता, पोहणं पक्कं आहे, घरी सोफ्यावर बसून दोन मिनिटं श्वास रोखता येतो आणि आता फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे टाकीशिवाय एका दमात पाण्याखाली जाण्याच्या, सरावाला क्लब हवाय, असं लिहिलंय. मी ऐरोलीची. चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होते.

पावती फाडून सभासद व्हावं असा पाटीवाला क्लब मला इकडे सापडला नाही. माणसं मात्र सापडली, ती कोर्समध्ये. आयडा, मोल्चानोव्ह्स, एसएसआय, पॅडी या फ्रीडायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था, यांपैकी कुणाचाही बचावाचा सराव असलेला सुरुवातीचा कोर्स करा. त्यात बेशुद्ध पडलेल्याला पाण्यातून वर आणायचा सराव प्रत्येकाकडून करून घेतात. म्हणजे बॅचमधल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी दुसऱ्याला वर काढलेलं असतं. आमच्या बॅचमधले दोघे ठाण्याचे, एक खारघरची. त्यांच्याबरोबर मी आजही सराव करते.

त्याआधीचा माझा जोडीदार उत्तम पोहणारा होता. दमही दांडगा, लहानपणी गावच्या विहिरीचा तळ गाठून मूठभर गाळ वर आणणाऱ्यांपैकी. एकदा पोहण्याच्या तलावात श्वास रोखून पाण्याखालून आडवी लांबी मारून मी वर आले, काठ धरला, तर पाय लटपटत होते आणि डोळ्यांपुढे कडेकडेने अंधारी येत होती. त्याने घड्याळ पाहिलं, "मस्त!" म्हणाला आणि स्वतः बुडी मारली. वर येऊन घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद जातात, त्यामुळे माणूस बाहेर आल्यावरही शुद्ध हरपू शकते. म्हणून निदान ३० सेकंद नजर हटवायची नसते, हे मला नंतर कोर्समध्ये कळलं. माझ्या त्या ३० सेकंदांत तो पाण्याखाली होता. वाईट माणूस नव्हता हो, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच विचारते: मी वर आले की तू काय करशील? पोहायला उतरण्याआधीच स्वतःचे मिनिटांचे आणि मीटरचे आकडे सांगणाऱ्याला मी मनातल्या मनात दोन मार्क कमी देते. एक खाली, एक वर, ही शिस्त त्याला पाळता यायला हवी. मी शुद्ध हरपले तर तोंड पाण्याबाहेर धरणं, मास्क काढणं, गालावर फुंकर, थोपटणं, नावाने हाक, आणि तरी श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास देणं, हे त्याच्या हाताला ठाऊक हवं. दोन बुड्यांमध्ये निदान बुडीच्या दुप्पट वेळ थांबायचं म्हटलं की कुरकुरणारा नको. बुडीआधी भराभर श्वास घेऊन 'छाती भरणारा' तर नकोच नको. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो. श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळे. मग धोक्याची घंटाच वाजत नाही.

समुद्रात आणखी एक भर पडते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे फुप्फुसात उरलेला ऑक्सिजन तिथे पुरेसा ठरतो. वर येताना दाब घटतो आणि तोच ऑक्सिजन अपुरा पडतो. शेवटचे काही मीटर दगा देतात ते यामुळे. जोडीदाराने तिथे खाली येऊन तुम्हाला गाठायचं असतं. नतालिया मोल्चानोवा या खेळातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ तिने बुडी मारली, ती परत दिसलीच नाही. तेव्हा दम किती आहे हे विचारूच नका.

"तलावावर लाइफगार्ड असतो की" असं कुणी म्हणेल. तो एका वेळी पन्नास डोकी बघत असतो, आणि श्वास रोखून पालथं तरंगणारं माणूस नि बेशुद्ध माणूस काठावरून सारखंच दिसतं. त्याला आणि मॅनेजरला आधी सांगून, परवानगी घेऊनच सराव करा. नाहीतर शिट्टी वाजेल, आणि ती वाजायलाच हवी.

ठाण्याची खाडी विसरा, गाळात स्वतःचा हात दिसत नाही. ती फ्लेमिंगोंना लखलाभ. पाणी साठलेल्या दगडखाणींत "मस्त खोल आहे" म्हणून नेणारेही भेटतील, त्यांनाही नाही म्हणा. आम्ही दिवाळीनंतर ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळला उतरतो, पुढे मालवण, तेही प्रशिक्षक ठरवून. पावसाळाभर तलाव आणि घरातला सराव.

वाशीहून ऐरोली जवळच आहे, एखाद्या रविवारी सकाळी या. पहिल्या दिवशी पाण्यात उतरवणार नाही. काठावर बसून दीड तास आमच्याकडे बघत राहायचं, फोन पिशवीत ठेवून.