नवा पार्ट, जुना बिघाड

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. पावसाळा तोंडावर आला की मोटर, पंखा, मिक्सर यांच्याबद्दलची पत्रे वाढतात. या खेपेच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: पार्ट बदलला, तरी बिघाड जागचा हलला नाही.

प्रश्न: बोअरमध्ये १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल मोटर आहे. पॅनेलमधला स्टार्टचा कंडेन्सर दोन महिन्यांत तीन वेळा फुटला. दुकानदार म्हणतो, हल्ली मालच तसा येतोय. खरंच माल वाईट, की आमचं काही चुकतंय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: एकदा फुटला असता तर मालाला दोष दिला असता. त्याच जागी तीनदा फुटतो म्हटल्यावर कंडेन्सर मारणारं दुसरं काहीतरी आहे. ते सापडेपर्यंत चौथा आणू नका.

पॅनेलमध्ये कंडेन्सर दोन असतात, आणि दोघांचा स्वभाव वेगळा. काळ्या डब्यातला, १००–१२० किंवा १२०–१५० असा मोठा आकडा छापलेला, तो स्टार्टचा. मोटरला पहिला धक्का द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. एक-दोन सेकंदांपलीकडे त्याच्यातून करंट गेला की तो तापतो, फुगतो आणि फुटतो. दुसरा पांढऱ्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यातला, ३६ किंवा ५० मायक्रोफॅरॅडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप), ४४० व्होल्टचा. तो रनचा, मोटर चालू असेपर्यंत लाइनमध्ये राहणारा. तुमच्या मोटरला नेमका कोणता आकडा लागतो ते पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या कागदावर असतं. शेजाऱ्याच्या पॅनेलवरून आकडा घेऊ नका.

म्हणजे प्रश्न असा, की स्टार्टचा कंडेन्सर गरजेपेक्षा जास्त वेळ लाइनमध्ये का राहतोय? कारणं चार, तपासायची याच क्रमाने.

आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि टेस्टरने खात्री करा. वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा, नंतर "हिरवी कुठं होती?" हा प्रश्न पडतोच. कंडेन्सरची दोन टोकं जुन्या काचेच्या १०० वॅटच्या बल्बमधून जोडून तो रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची सवय वाईट. तिने टर्मिनल जळतं, कधी डोळाही जातो.

पहिलं कारण हिरवं बटण. ते सोडल्यावर स्टार्टचा काँटॅक्ट सुटायलाच हवा. मल्टिमीटर बीपवर ठेवून त्या काँटॅक्टच्या दोन टोकांना लावा. दाबल्यावर बीप आणि सोडल्यावर शांतता, असं झालं पाहिजे. सोडूनही बीप येत राहिला तर काँटॅक्ट चिकटलाय. पॉलिश पेपरने घासून तो चार दिवस चालेल, पण बटणाचा ब्लॉकच बदला.

दुसरं कारण रनचा कंडेन्सर. तो अशक्त झाला की मोटर वेग घेत नाही, आणि माणूस बटण दाबून उभा राहतो. फुटतो स्टार्टचा, दोषी असतो रनचा. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते, कारण फुटलेला डोळ्याला दिसतो आणि अशक्त झालेला दिसत नाही. रनचा कंडेन्सर सोडवून मोजा. ३६ चा असेल आणि ५ टक्के फरक चालतो असं लिहिलं असेल, तर रीडिंग ३४.२ ते ३७.८ मध्ये यायला हवं. २८ आलं तर तो भंगारात.

नवा घेताना दुकानाच्या काउंटरवरच मोजून घ्या, पण एक लक्षात असू द्या. मीटर कंडेन्सरला अगदी कमी व्होल्टवर तपासतं. रीडिंग चुकीचं आलं तर माल खराब हे नक्की. रीडिंग बरोबर आलं म्हणून तो ४४० व्होल्टला टिकेलच असं मात्र नाही. आणि रनच्या जागी २५० व्होल्टचा स्वस्त कंडेन्सर कधीच लावू नका. लाइन २३० ची असली तरी मोटर चालताना त्या कंडेन्सरवर लाइनपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज येतं. ४४० उगाच छापलेलं नसतं.

तिसरं कारण केबल. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओहम. मीटरपासून मोटरपर्यंत १०० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन २०० मीटर, सुमारे २.४ ओहम. मोटर ८ अँपिअर घेत असेल तर वाटेतच १९ व्होल्ट गेले. सुरू होताना करंट तिप्पट धरला तरी ५८ व्होल्ट जातात. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, मीटरवर २१५ दिसत असताना मोटरच्या तोंडाशी १६० सुद्धा पोचत नाहीत. मग ती गुरगुरते आणि बटण दाबलेलं राहतं. हीच केबल २.५ ची घातली तर सुरुवातीची घट ३५ व्होल्टवर येते. तपासायचं असं: एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी पॅनेलच्या इनकमिंगवर, म्हणजे लाइन पॅनेलमध्ये येते त्या टोकांवर, व्होल्ट बघायचे. तिथंच मोठी घसरण दिसली तर दोष पॅनेलच्या अलीकडे, बारीक वायरचा किंवा ढिल्या जॉइंटचा. तिथं ठीक असेल तर बोअरमध्ये उतरलेल्या केबलचा संशय घ्या. हे काम चालू लाइनवरचं आहे. कोरडी चप्पल, एक हात मागे. सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

चौथं कारण खुद्द मोटर. बोअरमधून आलेल्या तीन वायरी पॅनेलमधून सोडवा आणि दोन-दोनच्या तीन जोड्यांचे ओहम मोजा. सर्वांत मोठं रीडिंग बाकीच्या दोन रीडिंगच्या बेरजेइतकं आलं पाहिजे. उदाहरणार्थ २.५, ६ आणि ८.५. बेरीज जुळत नसेल तर वायंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) किंवा पाण्यातला जॉइंट गेलाय. वायरी आणि अर्थिंग यांच्यातली गळती साध्या मीटरने धड कळत नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन गळती मोजणारं मीटर, लागतं. इथवर आलात तर पुढचं काम रिवाइंडिंगवाल्याचं. मोटर वर काढलीच आणि ती आत पाणी भरून ठेवायच्या प्रकारातली असेल, तर परत सोडताना प्लग उघडून स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा, हलवून बुडबुडे काढा. नव्याने बांधलेली मोटर आठवड्यात जळते, त्यामागे हा विसरलेला तांब्याभर पाण्याचा हिशेब पुष्कळदा असतो.

प्रश्न: छताचा पंखा मंद फिरायचा. कंडेन्सर दोनदा बदलला, फरक नाही. मग घरीच बेअरिंग बदललं, तर आता घरघर आवाज येतो. नवं बेअरिंग खराब निघालं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: खराब निघालं असेल किंवा बसवताना खराब झालं असेल. दुसरंच जास्त घडतं.

पंख्यात बहुधा ६२०२ किंवा ६२०१ नंबरचं बेअरिंग असतं. ६२०२ चं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. ६२०१ चं १२, ३२ आणि १०. नंबरवर भरवसा न ठेवता दुकानातच व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं, म्हणजे झेडझेड लिहिलेलं घ्या. हातात धरून बाहेरची रिंग सावकाश फिरवा. कुठे खर लागली तर तिथंच परत करा.

बसवताना मार कुठल्या रिंगवर द्यायचा, यात सगळं आलं. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं, म्हणून दाब आतल्या रिंगवरच द्यायचा. १५ मिलिमीटरच्या शाफ्टवरून सहज जाईल आणि फक्त आतल्या रिंगवर टेकेल असा पाइपचा तुकडा घ्या, वरून लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोका. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या रिंगच्या खाचेत खड्डे पाडतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण पंखा लावला की घरघर. असं बेअरिंग ग्रीसने सुधारत नाही, ते बदलावंच लागेल. कव्हरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूने गच्च केले की बेअरिंग तिरकं बसतं.

मूळ मंदपणाचं बोलायचं तर लाइन बंद करून पाती हाताने फिरवा. सोडल्यावर सहज फिरत राहिली तर बेअरिंग ठीक. मग रेग्युलेटर वगळून पंखा थेट लाइनवर चालवून बघा. कंडेन्सर बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरॅडचा लागतो, काहींना ३.१५ चा, जुन्यावर वाचा. वेग वाढावा म्हणून ४ चा लावणारे असतात. त्याने वायंडिंग तापतं, ते करू नका. हे सगळं ठीक असूनही मंदच असेल तर फेजची वायर कंडेन्सरच्या भलत्या टोकाला लागली आहे का बघा. पंखा उलटा फिरत असेल तर नक्कीच. बीएलडीसी पंख्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या पंख्याला, कंडेन्सर-रेग्युलेटरचं यातलं काही लागू नाही. तो घरी उघडू नका.

प्रश्न: मिक्सरचा कपलर दर दोन महिन्यांनी तुटतो आणि चटणीच्या भांड्याखाली काळं पाणी येतं. दोन्हींचा संबंध आहे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: आहे. काळं पाणी म्हणजे भांड्याच्या बुशची, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीची, झीज. सील फाटलं की मीठ-चिंचेचं पाणी बुशमध्ये उतरतं, बुश झिजतो, पातं अडखळतं आणि त्याचा सगळा जोर कपलरवर, म्हणजे मोटरचा फेर भांड्याला देणाऱ्या दातेरी तुकड्यावर, येतो. कपलर मुद्दामच मऊ केलेला असतो, म्हणजे मोटर जळण्याआधी तो तुटावा. बिचारा आपलं काम करतोय. भांडं रिकामं धरून पातं बोटाने सावध फिरवा. ते जड फिरत असेल किंवा आडवं हलत असेल तर बुश आणि सील दोन्ही बदला. तोवर त्या भांड्यात वाटण करू नका, ती झिजलेली धातू पोटात जाते. मशीनचं तेल सोडून वेळ मारून नेऊ नका.

कपलर काढताना आटे उलटे असू शकतात. सोपी खूण अशी: प्लग काढून, शाफ्ट पक्का धरून, मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवा, म्हणजे सुटेल. नवा आणायला जाताना जुना खिशात घेऊन जा. दात सारखे दिसले तरी आट्यांचा माप वेगळा निघतो. बुश बाजारात मिळालाच नाही तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर नमुन्यावरून काढून मिळेल, पण एका बुशसाठी नवं भांडं परवडतं का हा हिशेब आधी करा.

प्रश्न: कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तीनदा वितळला. तिथं नट-बोल्ट लावून बंद केला तर चालेल का?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर: नाही. लावला असेल तर आजच काढा. व्हॉल्व्ह वितळतो तो पाणी आटल्यावर किंवा शिट्टीची नळी तुंबून आतलं तापमान चढल्यावर. शिट्टी काढून नळीतून उजेड दिसतो का बघा. डाळीचा फेस आत वाळून बसतो, सुईने काढा. डाळ-तांदूळ कुकरच्या निम्म्यापेक्षा वर भरू नका. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या.

प्रश्न: घरच्या शेतीसाठी कोल्हापुरातून मोटर आणली, वॉरंटीत बंद पडली. दुकानदार म्हणतो कर्नाटकातल्या सर्व्हिस सेंटरला जा, ते म्हणतात घेतली तिथं न्या. आता केस कोल्हापुरात करायची का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर: गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तुमच्यासाठी ते बेळगावात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. मोटरची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या शेतीसाठी घेतलेली मोटर व्यापारी वापरात धरत नाहीत, हेही तक्रारीत लिहा.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि नंबर जपून ठेवा. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. बिल, वॉरंटी कार्ड, मोटरवरच्या सीरियल नंबरचा फोटो एकत्र ठेवा. सर्व्हिस सेंटरने मोटर परत पाठवली तर कारण लिहून, शिक्का मारून मागा. पहिल्या प्रश्नातली तपासणी वाचून हात शिवशिवत असतील तर थांबा: वॉरंटीतली मोटर किंवा पॅनेल तुम्ही उघडलंत, सील फाडलंत, की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.