आधी पीळ, मग ओढ

(वाचकांचे प्रश्न, लोकर कातायला शिकवणाऱ्या माणदेशी बाईंची उत्तरं)

प्रश्न : दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसतात. यंदा मेंढपाळ कातरलेली लोकर तशीच टाकून गेले. मी पोतंभर घरी आणली. टकळीवर धागा सारखा तुटतो आणि टोचतो. स्वेटर होईल का?
– एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : ताई, स्वेटरचा नाद सोडा. आपल्याकडची मेंढी दख्खनी, लोकर राठच असायची. अंथरायला मात्र तिला तोड नाही. जाड सुयांवर बसकर विणा. पोत्यात कोकरांची जावळ असेल तर वेगळी काढा. पहिल्या कातरणीची ही लोकर मऊ, टोकाला निमुळती असते. तिचा मफलर होईल.

धुताना चोळू नका, गोळा होईल. कोमट पाण्यात रिठा घालून नुसती बुडवा, सावलीत वाळवा. पूर्वी ओढ्यात मेंढरंच धुऊन मग कातरायचे, म्हणून आमच्या सासूबाईंना ही उठाठेव नव्हती. अंगचं तेल सगळं काढू नका. फार कोरडी वाटली तर बोटाला खोबरेल लावा. गोखरू वेचा, पिंजा, पिंजलेल्या लोकरीची सैल वळी, म्हणजे पेळू करा.

आता तुटण्याचं. पीळ बसायच्या आधीच तुम्ही ओढताय. नव्या मुलींना मी सांगते, टकळी फिरवा आणि थांबा. पीळ पेळूच्या तोंडापर्यंत चढताना बघा, मगच हात मागे घ्या. आणि बारीक कातायची हौस नको, सुतळीएवढा जाड धागा पुरे.

मेंढपाळांना नावं ठेवू नका. लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. मेंढरं आता मटणासाठी पाळतात. माडग्याळ जातीला मागणी आहे ती त्यामुळेच, तिच्या अंगावर लोकर नावालाच.

प्रश्न : शाळेत मुलांना शिकवायचंय. चरखे कुठून आणू?
– एक शिक्षक, जत

उत्तर : चरखे नकोतच, गुरुजी. बांबूची काडी आणि जुनी सीडी, झाली टकळी. लहान वर्गांना नुसती लोकर पिंजू द्या, त्यांना तेवढंच आवडतं. दाखवायला गावातली कातणारी बाई बोलवा, पण मानधन आधी ठरवून. घोंगडं विणणाऱ्याचं नाव तरी होतं. कातणारी घरचीच म्हणून तिची मजुरी कुणी धरत नाही.