गाडी पळताना एसी गार, थांबली की कोमट: कॉम्प्रेसर बदलण्याआधी हे बघा

तुम्ही विचारलंय की हायवेला एसी झकास चालतो, पण सिग्नलला चार-पाच मिनिटं थांबलं की हवा कोमट होते. दोनदा ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस भरून झाला, फरक पडला नाही, आणि आता कॉम्प्रेसर बदलायला सांगतायत. बदलायचा का?

आज तरी नका बदलू. मी मेकॅनिक नाही, पण नेमक्या याच दुखण्याने माझा एक अख्खा उन्हाळा खाल्लाय, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनावर चालणारा पंप, तो दाबून पुढे ढकलतो आणि तोच गॅस बंद पाइपांतून गोल गोल फिरत असतो. होसमधून आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढं चालायचंच. पण आठवड्याभरात कमी झाला तर कुठेतरी लीकेज आहे आणि ते सापडलं पाहिजे. जॉइंटपाशी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला की तिथेच संशय घ्या, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. आणि गॅस मुळात कमी झालाच नसेल, तर दोनदा भरून तुमच्या गाडीत तो आता जास्त झालाय. बहुतेक छोट्या गाड्यांत एकूण गॅस 400 ते 600 ग्रॅमच असतो (नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो), त्यामुळे शंभर ग्रॅमची चूकही जाणवते. गॅस जास्त झाला तरी लक्षण हेच: थांबलं की कोमट.

आता मूळ मुद्दा. गाडीतली उष्णता गॅस उचलतो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये नेऊन टाकतो. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर आपोआप गार करतो. थांबल्यावर ते काम पंख्याचं. म्हणून ‘पळताना गार, थांबल्यावर कोमट’ ऐकलं की माझा पहिला संशय पंख्यावर, दुसरा चिखल-किड्यांनी बुजलेल्या कंडेन्सरवर. कॉम्प्रेसर मरतुकडा झाला असेल तरी असंच होतं हे खरं, कारण थांबल्यावर इंजिनाबरोबर तोही हळू फिरतो. पण हे दोन बिघाड वेगळे काढता येतात, आणि तेही फुकटात.

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. एसी फुल, आणि हवा कोमट होईपर्यंत थांबा. मग अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिन 1500-2000 आरपीएमवर धरा. गाडी जागेवरच असताना मिनिटाभरात हवा गार झाली, तर कॉम्प्रेसर कमजोर किंवा गॅस खरोखर कमी असण्याकडे कल जातो. काही फरक पडला नाही किंवा हवा आणखी गरम झाली, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. खात्री करायला पाण्याची नळी घ्या आणि जाळीतून फक्त कंडेन्सरवर हलकी धार सोडा. (इंजिनाच्या वायरिंगवर नको. पंख्याजवळ हातही नको, तो कधीही फिरायला लागतो.) पाणी पडल्यावर आतली हवा झटकन गार झाली, तर कॉम्प्रेसर बहुधा ठणठणीत आहे.

आता पंखा. ‘फिरतोय की’ एवढ्यावर समाधान मानू नका. मी मानलं होतं. माझ्या गाडीच्या पंख्याची मोटर एका गॅरेजमध्ये बदलली होती. एसी लावला की पंखा गरागरा फिरायचा, म्हणून त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. त्यानंतर दोनदा गॅस भरला. मग एकदा सहज म्हणून वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर धरलं. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर हवा आत ओढली जाऊन कागद जाळीला चिकटायला हवा. माझा कागद फडफडत माझ्याच तोंडावर आला. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या, त्यामुळे पंखा उलटा फिरून इंजिनाची गरम हवा कंडेन्सरवर ढकलत होता! हायवेला समोरचा वारा त्याला पुरून उरायचा, म्हणून तिथे तक्रार नव्हती. वायरी अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली. गॅसला दोनदा दिलेले पैसे गेले ते गेले.

कागद नुसताच लटकत राहिला तर पंखा दमलाय. मोटरचे ब्रश झिजतात, किंवा दोन वेगांपैकी एक बंद पडतो. पंखा अजिबात फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले आधी बघा.

पंखा ठीक निघाला तरच पुढे गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर. मेकॅनिकला सांगा, इंजिन आणि एसी चालू ठेवून दोन्ही बाजूंचं प्रेशर मला दाखवा: कॉम्प्रेसरमध्ये गॅस येतो ती ‘लो’ बाजू, दाबला जाऊन बाहेर पडतो ती ‘हाय’. बंद गाडीत गेज लावून ‘गॅस कमी’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बंद असताना आर-134ए या एसीच्या गॅसचं प्रेशर बाहेरच्या तापमानावर ठरतं. 30 अंशाला ते दोन्ही बाजूंना 95 पीएसआयच्या आसपास दिसतं, मग आत 300 ग्रॅम असो की 500. चालू असताना मात्र गेज बोलतं. लो आणि हाय दोन्ही चढलेले: पंखा, कंडेन्सर किंवा जादा गॅस. दोन्ही पडलेले: बहुधा गॅस कमी. लो चढलेला आणि हाय पडलेला: तेव्हा कॉम्प्रेसरची चर्चा करा.

तुमच्या बाबतीत दोनदा अंदाजाने गॅस भरलाय, म्हणून पंख्याचा निकाल लागल्यावर सगळा गॅस मशीनने काढून घ्या, अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारायला (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायला) लावा आणि स्टिकरवरच्या आकड्याइतकाच वजन करून भरून घ्या. व्हॅक्यूम का, तर आत ओल राहिली की ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, बारीक भोकात गोठते आणि एसी मधूनच बंद-चालू व्हायला लागतो. मग पुन्हा नवं कोडं.

कागद आणि पाण्याची नळी, एवढं आजच करून बघा. कागद कुठल्या बाजूला गेला ते खाली कमेंटमध्ये लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.